धुळ्याएवढं एक शहर

६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी हिरोशिमात साडेतीन लाखांच्या आसपास माणसं होती. २०११ च्या जनगणनेत धुळे शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या घरात भरली. अणुबॉम्ब पडलेलं जगातलं पहिलं शहर टोकियो किंवा मुंबईसारखं महानगर नव्हतं, ते धुळ्याएवढं होतं. रेल्वे स्टेशन, सरकारी कचेऱ्या, नदीवरचे पूल, शाळा, बाजारपेठ, दवाखाने, शिवाय लष्कराचं एक मोठं ठाणं. आपल्याकडे दर ऑगस्टमध्ये शाळांतून हिरोशिमा दिन होतो. त्यातून मुलांच्या हाती लागतं ते ढगाचं एक चित्र आणि मृतांचा एक आकडा. पण शहर उद्ध्वस्त होतं म्हणजे त्यातलं काय, कसं आणि कोणत्या क्रमानं मोडतं, हे आकड्यावरून कळत नाही. ते कळायला पायाखालच्या ओळखीच्या अंतरांची मदत होते, म्हणून हिरोशिमाची मापं इथे खान्देशच्या नकाशावर लावून पाहू.

आधी त्या बॉम्बची ताकद. ती साधारण १५ किलोटन होती, म्हणजे टीएनटी या स्फोटकाच्या १५,००० टनांएवढी. भुसावळच्या यार्डातून जाणारी मालगाडी डोळ्यांसमोर आणा. ५८ वाघिणी, प्रत्येकीत ६० टनांच्या आसपास माल. अशा चार गाड्या काठोकाठ स्फोटकांनी भरल्या तरी १५,००० टन संपत नाहीत, पाचव्या गाडीच्या काही वाघिणी लागतात. ही सगळी ऊर्जा एका विमानातून आलेल्या एका बॉम्बमधून निघाली. त्यात ६४ किलो युरेनियम होतं आणि त्यातल्या जेमतेम एक किलोचंसुद्धा विखंडन झालं नाही. जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर सकाळी सव्वाआठ वाजता तो फुटला. नेम होता टी आकाराच्या आयोई पुलावर. तो थोडका चुकला आणि स्फोट झाला शिमा नावाच्या सर्जनच्या दवाखान्याच्या थेट वर. डॉक्टर स्वतः त्या दिवशी बाहेरगावी होते.

सकाळी वाजलेला हवाई हल्ल्याचा इशारा साडेसातच्या सुमारास मागे घेतला होता. त्यामुळे माणसं तळघरांतून, आडोशांतून बाहेर आली होती. कामावर निघालेली, अंगणात उभी असलेली, ट्राममध्ये बसलेली.

स्फोटाच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण निम्मी हवेच्या दाबलाटेत गेली, एक तृतीयांशाहून थोडी जास्त उष्णतेत आणि उरलेली किरणोत्सारात. सगळ्यात आधी पोचली ती उष्णता, कारण ती प्रकाशाच्या वेगानं येते. खान्देशातल्या माणसाला उन्हाबद्दल कुणी काही शिकवायला नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. तरी हा हिशेब पाहा. स्फोटाच्या थेट खाली जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० कॅलरी उष्णता पडली. भर दुपारच्या कडक उन्हात तेवढी उष्णता पडायला सत्तरेक मिनिटं लागतात. सत्तर मिनिटं उन्हात उभं राहिलं तर माणूस फार तर चक्कर येऊन पडेल. हिरोशिमात ती दोन-तीन सेकंदांत आली. उष्णता सावकाश आली की कातडी ती आत, रक्ताकडे सोडते, घाम गाळते, वारा थोडी घेऊन जातो. सेकंदांत आली की तिला कुठेच जाता येत नाही, आणि वरचा थर जागच्या जागी पेटतो. स्फोटाखालच्या जमिनीचा पृष्ठभाग ३,००० ते ४,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापला. कौलांवरची झिलई वितळून तिचे बुडबुडे झाले. ग्रॅनाइटचा पृष्ठभाग खडबडीत झाला.

उघड्यावरच्या माणसांची कातडी साडेतीन किलोमीटरपर्यंत भाजली. धुळ्यात आग्रा रोडवर स्फोटाचा मध्य धरला तर पांझरा नदी ओलांडून देवपूर त्यात आलं, जुनं धुळं आलं. काळा किंवा गडद रंग उष्णता शोषतो, पांढरा परतवतो. उन्हाळ्यात आपला शेतकरी पांढरे कपडे घालतो तो याच कारणानं. हिरोशिमात काही बायकांच्या पाठीवर किमोनोची नक्षी भाजून उमटली. जिथं गडद नक्षी होती तिथं जखम, फिक्या कापडाखाली कातडी शाबूत. कापूस, कागद, वाळकी गवताची छपरं, गडद पडदे यांनी दूरवर पेट घेतला.

त्यामागून आली दाबलाट. ती साधारण ३० सेकंदांत ११ किलोमीटर गेली. धुळ्याहून दक्षिणेला लळिंगचा किल्ला दहा-एक किलोमीटरवर आहे. मुंबई-आग्रा महामार्गानं मोटारीला तिथं जायला पंधरा मिनिटं तरी लागतात. ती लाट तिथं अर्ध्या मिनिटात पोचली असती. दहा किलोमीटरपलीकडेही काही ठिकाणी खिडक्यांच्या काचा फुटल्या. आतल्या वर्तुळात, म्हणजे दोन किलोमीटरपर्यंत, लाकडी घरं जवळपास सगळी बसली.

बसली हाच शब्द नेमका आहे. जपानी घर हलक्या लाकडी सांगाड्याचं, पण डोक्यावर जड कौलं. सांगाडा आडवा झाला की अख्खं छप्पर माणसांवर येतं. खान्देशातली जुनी धाब्याची घरं आठवा. लाकडी खांब, तुळया, त्यावर किलचण आणि मातीचा जाड थर. हे धाबं उन्हाळ्यात घर गार ठेवतं, पण खांब सरकले तर काही टन माती घरातल्या माणसांवर कोसळते. आगीआधी हिरोशिमात हजारो माणसं अशी जिवंत गाडली गेली होती. बाहेर निघालेले घरातल्यांच्या हाका ऐकत होते आणि एकट्याच्या ताकदीनं तुळई हलत नव्हती. वाचलेल्यांच्या जबान्यांत हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो, आणि त्या वाचताना स्फोटापेक्षाही हे जास्त लागतं.

आरसीसीच्या इमारतींची गोष्ट निराळी. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर जपाननं बांधकामाचे नियम कडक केले होते. त्यामुळे शहराच्या मध्यावरही काँक्रीटचे काही सांगाडे उभे राहिले. बँक ऑफ जपानची शाखा स्फोटबिंदूपासून अवघ्या ३८० मीटरवर होती. खालच्या दोन मजल्यांच्या पोलादी झडपा बंद होत्या, ते मजले आगीतून वाचले. तिसऱ्याच्या उघड्या होत्या, तो जळून गेला. ८ ऑगस्टला, म्हणजे तिसऱ्याच दिवशी, या बँकेत व्यवहार सुरू झाले. आज ज्याला अणुबॉम्बचा घुमट म्हणतात ती चेक वास्तुविशारद यान लेत्सेल यांची १९१५ ची इमारत तर अवघ्या १६० मीटरवर. लाट जवळजवळ सरळ वरून आली, म्हणून काही भिंती उभ्याच्या उभ्या दाबल्या गेल्या आणि टिकल्या. आतलं एकही माणूस वाचलं नाही. इमारत उभी आहे म्हणून आतला माणूस सुरक्षित, हे समीकरण इथं लागू पडत नाही. आपल्या शहरांतली आजची घरं बहुधा काँक्रीटचे खांब आणि मध्ये विटांच्या पातळ भिंती अशी असतात. खांब टिकतीलही, पण दाबलाटेपुढे ती भिंत आत येते आणि तिच्या विटाच माणसांना मारतात. पुलांनाही दोन बाजूंनी मार बसला. आयोई पुलावर वरून आलेली लाट पाण्यावरून उलटली आणि पुलाचा पृष्ठभाग खालून उचलला गेला.

मग आग. तापलेल्या वस्तूंनी काही आगी लावल्या, पण पुष्कळ आगी पडक्या घरांतल्या चुलींनी लागल्या. सकाळची न्याहारीची वेळ होती. अर्ध्या तासाच्या आत या सुट्या आगी एकमेकींना मिळाल्या. मधली तापलेली हवा वर जाऊ लागली, तिच्या जागी चहूबाजूंनी वारा आत ओढला गेला आणि तो वाराच आगीला पोसू लागला. ११ चौरस किलोमीटरहून जास्त भाग राख झाला. शहरातल्या ७६ हजार इमारतींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मोडल्या किंवा जळल्या.

आग विझवायची कशानं? शहराचा मुख्य जलाशय शाबूत होता. पण कोसळलेल्या घरांतले नळ तुटले होते, असे सुमारे ७०,००० तुटलेले जोड नंतर मोजले गेले. प्रत्येक जोडातून पाणी वाहून गेलं आणि मुख्य नळांतला दाबच संपला. बंब चेचले गेले होते, जवान मेले किंवा जखमी होते, आणि रस्ते घरांच्या ढिगाऱ्याखाली. हिरोशिमाचं सगळ्यात मोठं नुकसान मला इथं दिसतं. शहर म्हणजे घरं आणि माणसं खरीच, पण त्याहून जास्त म्हणजे एकमेकांच्या मदतीला धावण्याची सोय. अणुबॉम्ब तिच्यावरच घाव घालतो. मारेकरी आणि मदत अडवणारा, दोन्ही तोच.

एक गोष्ट लिहिताना हात जड होतो. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे तयार करायचं काम त्या दिवशी शहरात चाललं होतं. त्यावर शाळकरी मुलं जुंपली होती, बहुतेक बारा-तेरा वर्षांची, म्हणजे आपल्याकडची सातवी-आठवीची. त्यांच्याहून लहान मुलांना आधीच खेड्यांत हलवलं होतं. उघड्यावर काम करणारी ही मुलं आठ हजारांच्या वर होती. त्यातली सहा हजारांच्या आसपास गेली.

दवाखान्यांचं तेच झालं. शहरातल्या ४५ नागरी रुग्णालयांपैकी तीनच वापरता येण्याजोगी उरली. दहातले नऊ डॉक्टर आणि परिचारिका मेल्या किंवा जखमी झाल्या. दीड किलोमीटरवरच्या रेडक्रॉस रुग्णालयात एक धडधाकट तरुण सर्जन, डॉ. तेरुफुमी सासाकी, पट्ट्या बांधत राहिले. दारात हजारोंची रांग होती. भाजलेल्या माणसाला काय लागतं ते धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या कुणालाही विचारा. पहिल्या दिवशी बाटल्यांमागून बाटल्या सलाइन, जंतुसंसर्ग टाळायला वेगळी खोली, रोजचं ड्रेसिंग, वेदनाशामकं, रक्त, पुढे कातडीचं रोपण. अर्ध्याहून जास्त अंग भाजलेल्या एका रुग्णामागे अख्खा विभाग आठवडेच्या आठवडे राबतो. हिरोशिमात असे रुग्ण एका सकाळीत हजारोंनी होते.

खान्देशनं औद्योगिक स्फोट पाहिला आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. दहाहून अधिक माणसं गेली, पन्नासहून अधिक जखमी झाली, आजूबाजूची वस्ती हादरली. ते दुःख लहान नव्हतं. पण त्या दिवशी शिरपूरचा दवाखाना जागेवर होता, महामार्ग चालू होता, धुळ्याहून रुग्णवाहिका आणि बंब येऊ शकत होते. त्या स्फोटाबाहेरचं जग शाबूत होतं. १४ एप्रिल १९४४ ची मुंबईही अशीच. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटलं, त्यावर १,४०० टनांच्या आसपास दारूगोळा आणि स्फोटकं होती, सोबत कराचीहून चढवलेला कापूस. पेटलेल्या कापसाचे गोळे शहरभर उडाले आणि आगी लावत गेले. सातशेहून अधिक माणसं मेली, त्यात आधीची आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान होते. दर वर्षी त्याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. पहिली तुकडी गेली, तरी उरलेल्या मुंबईतून दुसरी आली, तिसरी आली. हिरोशिमाचा स्फोट या जहाजाच्या दहापट होता आणि तो शहराच्या छातीवर झाला. दुसरी तुकडी जिथून यायची ती जागाच त्यात गेली. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे डॉ. मार्सेल जुनो औषधांचा साठा घेऊन हिरोशिमात पोचले ते ८ सप्टेंबरला, महिना उलटल्यावर.

तोवर तिसरं नुकसान दिसू लागलं होतं. अंगावर ओरखडाही नसलेली माणसं आजारी पडत होती. आधी उलट्या, मग आठवडा-दोन आठवडे बरं वाटणं, आणि नंतर एका सकाळी कंगव्याला केसांचे पुंजके. हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे ठिपके, ताप, जुलाब. किरणोत्सार शरीरातल्या सतत विभागणाऱ्या पेशींना आधी मारतो. त्या असतात हाडांच्या मगजात, आतड्याच्या अस्तरात आणि केसांच्या मुळांशी. मगज बंद पडला की पांढऱ्या पेशी बनत नाहीत आणि साधा जंतू जीव घेतो. रक्त गोठवणाऱ्या बिंबिका संपल्या की रक्त थांबत नाही. स्फोटबिंदूपासून किलोमीटरभराच्या आत उघड्यावर असलेल्यांना या किरणांची मात्रा बहुधा प्राणघातक मिळाली. फिरत्या नाटक कंपनीबरोबर हिरोशिमात आलेली नटी मिदोरी नाका तिथून निसटून टोकियोला पोचली आणि २४ ऑगस्टला विद्यापीठाच्या रुग्णालयात वारली. डॉक्टरांनी तिच्या मृत्यूचं कारण म्हणून किरणोत्सार नोंदवला, तशी ती पहिली अधिकृत नोंद मानतात.

१९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसं मेली. बॉम्ब पडलेल्या दुसऱ्या शहरात, नागासाकीत, ७०,००० हून अधिक. नागासाकीवरचा बॉम्ब जास्त ताकदीचा होता, २१ किलोटनांच्या आसपास. तरी तिथली हानी कमी, कारण बॉम्ब उराकामीच्या खोऱ्यात फुटला आणि मधल्या डोंगरांनी उरलेल्या शहराला आड केलं. हिरोशिमा नदीमुखाच्या सपाटीवर होतं, तिथं आडोसा नव्हता. जळगाव, भुसावळ ही तापीच्या मैदानातली गावं. सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगा क्षितिजावर दिसतात, पण इतक्या दूरचे डोंगर शहराची ढाल होत नाहीत. नागासाकीचं वैद्यकीय महाविद्यालय मात्र नेमकं त्या खोऱ्यात होतं. तिथले नऊशेच्या आसपास शिक्षक, विद्यार्थी, कर्मचारी गेले. वाचलेले क्ष-किरणतज्ज्ञ ताकाशी नागाई, ज्यांना क्ष-किरणांच्या कामातूनच आधी रक्ताचा कर्करोग झाला होता, जखमी अवस्थेत रुग्ण तपासत राहिले.

पुढची दशकं काय घडलं हे आपल्याला जितकं ठाऊक आहे तितकं दुसऱ्या कुठल्याही किरणोत्साराबद्दल नाही, कारण १९५० पासून आजपर्यंत सुमारे १,२०,००० लोकांच्या गटाची पाहणी चालू आहे. रक्ताचा कर्करोग दोन-तीन वर्षांत वाढू लागला, सहा-आठ वर्षांनी शिखरावर गेला आणि मग ओसरला. फुप्फुस, स्तन, जठर, मोठं आतडं यांचे कर्करोग दहा वर्षांनी वाढू लागले आणि त्यांचा जास्तीचा धोका आयुष्यभर राहिला. पोटात आठ ते पंधरा आठवड्यांचे असताना किरण लागलेल्या काही मुलांची डोकी लहान राहिली, बुद्धी खुंटली, कारण नेमक्या त्या आठवड्यांत मेंदूच्या पेशी आपापल्या जागी जात असतात. मात्र वाचलेल्यांना नंतर झालेल्या मुलांत अनुवंशिक दोष वाढल्याचं सत्तर हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासात आढळलेलं नाही. हे ठासून सांगायला हवं, कारण समाजानं उलटंच धरलं. हिबाकुशा, म्हणजे बॉम्बमधून वाचलेली, मुलगी सून म्हणून नको असं कितीतरी घरांनी ठरवलं, आणि कितीतरी मुलींनी आपलं गाव लपवून लग्नं केली. स्थळाची चौकशी कशी होते आणि कुजबूज किती वर्षं टिकते, हे आपल्या गावांना चांगलं माहीत आहे.

आजची अण्वस्त्रं हिरोशिमाच्या बॉम्बहून कित्येक पट मोठी असतात. शंभर किलोटन आणि त्याहून अधिक हे नेहमीचं माप झालं आहे. १९८० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेनं या प्रश्नाचा अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की जगातली कोणतीही आरोग्यव्यवस्था अशा हल्ल्यातल्या जखमींची काळजी घेऊ शकत नाही. श्रीमंत देशाचीही नाही, मग धुळे-जळगावची कुठून घेणार? वाचलेल्यांनी १९५६ साली काढलेली निहोन हिदानक्यो ही संघटना हेच सांगत जगभर फिरली. २०२४ चं शांततेचं नोबेल तिला मिळालं. २०२५ साली नोंदलेल्या हिबाकुशांची संख्या पहिल्यांदा एक लाखाच्या खाली आली आणि त्यांचं सरासरी वय ८६ च्या पुढे गेलं.

त्यांत कुणाला मोजायचं, याचाही वाद कित्येक दशकं चालत आला आहे. स्फोटानंतर राख आणि काजळी मिसळलेला काळा पाऊस शहराच्या वायव्येला दूरवर पडला. तो लोकांच्या अंगावर पडला, विहिरींत गेला, भाजीपाल्यावर साचला. सरकारनं नकाशावर एक लंबगोल काढून ठेवला होता. त्याच्या आतल्यांना सवलती, बाहेरच्यांना नाही. रेषेबाहेरचे ८४ जण कोर्टात गेले. हिरोशिमाच्या उच्च न्यायालयानं १४ जुलै २०२१ रोजी त्या सगळ्यांना हिबाकुशा मानलं आणि सरकारनं पुढे अपील केलं नाही. निकाल लागेपर्यंत वादींपैकी काही जण वारले होते.